मदत हवी आहे : भाचीला विमान क्षेत्रात जायचंय, ताई शेत विकायला निघाली आहे

बांधावरचा

नमस्कार मंडळी,

माझी ताई गोंदिया जिल्ह्यात राहते, बिरसी विमानतळापासून जवळच. तिथे वैमानिक प्रशिक्षणाची शाळा आहे. पावसानं उघडीप दिली की शिकाऊ विमानं डोक्यावर घिरट्या घालतात आणि भाची लहानपणापासून बांधावर उभी राहून ती मोजत आली आहे. यंदा बारावी सायन्स झाली, फिजिक्स-मॅथ्सला चांगले गुण आहेत. आता एकच ध्यास : काम करीन तर विमानाजवळच.

भाऊजी गेल्यापासून ताई एकटी शेती बघते. चार एकर धान. ती म्हणते, दोन एकर काढते, पोरीला पायलट करते. मी चौकशी केली. सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला, २०० तास उड्डाण लागतं, त्यांतले १०० तास विमानाची कमान स्वतःच्या हाती असावी लागते. खर्च ५० लाखांच्या आसपास सांगतात, काही ठिकाणी त्याहून जास्त, आणि टाइप रेटिंगचे, म्हणजे एका ठरावीक जातीचं विमान चालवायच्या प्रशिक्षणाचे, पैसे वेगळे. दोन एकर विकूनही हे भागत नाही. मग कर्ज, आणि कर्जाला तारण उरलेली जमीन. मला रात्री झोप लागत नाही.

त्यात एका संस्थेचा भाचीला फोन आला. 'एव्हिएशन मॅनेजमेंट'चा कोर्स, आजच दीड लाख भरा, १०० टक्के नोकरी. मी स्वतः जाऊन विचारलं, नोकरी नेमकी कसली? "एअरपोर्टवर." याच्यापुढे कुणी काही सांगेना.

आमच्या घरात पायलट आणि हवाई सुंदरी एवढीच दोन कामं माहीत आहेत. जमीन न विकता या पोरीला आत शिरायला आणखी कुठली वाट आहे का? या क्षेत्रातल्या कुणी मनापासून सांगितलं तर फार उपकार होतील.

हँगरवासी

दादा, ते दीड लाख अजिबात भरू नका. केबिन क्रूला, म्हणजे हवाई सुंदरीच्या कामाला, निवडलेल्या मुलींना कंपनी स्वतः प्रशिक्षण देते. ग्राउंड स्टाफचंही काम हातावर शिकवतात.

मी एएमई आहे, म्हणजे विमान दुरुस्ती-देखभालीचा परवानाधारक अभियंता. देखभालीचं काम झालं की परवानाधारकाची सही होते, त्याशिवाय विमान प्रवासी घेऊन निघत नाही. बी१ म्हणजे इंजिन आणि सांगाडा, बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. बारावी फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सवर प्रवेश मिळतो. फी काही लाखांत जाते, पण पायलटच्या मानाने फारच कमी. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं. संस्थेला त्यांची सीएआर-१४७ ही देखभाल शिकवण्याची मान्यता आहे का, हे त्यांच्या यादीत स्वतः बघा.

एक गोष्ट संस्था स्पष्ट सांगत नाहीत. कोर्स पूर्ण होणं वेगळं आणि लायसन्स मिळणं वेगळं. डीजीसीएचे पेपर एकेक करून काढावे लागतात, वर प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. माझ्या बॅचचे कितीतरी जण पेपरांतच अडकले. शिवाय काम रात्रपाळीचं, कारण विमानं रात्रीच उभी असतात. मुलीला हात काळे करायला आवडतं का, ते आधी विचारा. आवडत असेल तर नागपूरच्या विमानतळालगत मिहान प्रकल्पातच मोठं देखभाल केंद्र आहे, तिला घरापासून लांबही जावं लागणार नाही.

टॉवरकाका

बांधावरचा, तुमच्या भाचीसाठी मला हवाई वाहतूक नियंत्रण, म्हणजे टॉवरमधून रेडिओवर विमानांना सूचना देण्याचं काम, सर्वांत योग्य वाटतं. मी त्यातूनच निवृत्त झालो.

फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी, किंवा इंजिनिअरिंग. मग विमानतळ प्राधिकरणाची ज्युनियर एक्झिक्युटिव्हची परीक्षा. वयोमर्यादा २७, राखीव गटांना सूट. १२० प्रश्न, निम्मे फिजिक्स-मॅथ्सचे, चुकलं तर गुण कापत नाहीत. पुढे आवाज चाचणी आणि वैद्यकीय. निवड झाली की प्रशिक्षणाची फी नाही, बॉन्ड मात्र लिहून द्यावा लागतो. वेतनश्रेणी ४०,००० ते १,४०,०००, भत्ते वेगळे. प्रशिक्षण केंद्रं प्रयागराज, हैदराबाद आणि... तुमचं गोंदिया! ज्या आभाळाखाली ती वाढली, तिथेच शिकायला जाऊ शकते.

भरती दरवर्षी निघतेच असं नाही, म्हणून बीएस्सी करताना दुसरंही दार उघडं ठेवा. हवामान खात्यात सायंटिफिक असिस्टंटला फिजिक्सची बीएस्सी चालते. विमानतळावर दर अर्ध्या तासाला जो हवामान अहवाल निघतो, तो हीच माणसं देतात. त्यावाचून टॉवर आंधळा असतो.

आणि आजच्या आज डोळे तपासा. चष्मा चालतो, पण रंग ओळखण्यात दोष निघाला तर पायलट आणि नियंत्रक, दोन्ही वाटा अडतात. पैसा भरून झाल्यावर हे कळलेली मुलं मी पाहिली आहेत. फार वाईट वाटतं.

बांधावरचा

काका, हँगरवासी दादा, काय बोलू! काल तुमचं सगळं ताईला वाचून दाखवलं. गोंदियाचं नाव आलं तेव्हा तिनं मला परत वाचायला लावलं. जमीन राहते आहे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे रंगांची पुस्तिका दाखवून आणली, सगळे आकडे बरोबर ओळखले. बीएस्सीचा फॉर्म सोमवारी भरतो.

एकच भीती आहे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीत शिकली. लिहिलेलं इंग्रजी कळतं, पण बोलताना अडखळते. आवाज चाचणीत अडेल का?

टॉवरकाका

मीही जिल्हा परिषदेचाच. तिथे साहेबी उच्चार कुणी मागत नाही. शब्द स्वच्छ हवा, तोतरेपणा नको, घाईत आवाज चढायला नको. हातात तीन वर्षं आहेत, भरपूर झाली. रोज रात्री इंग्रजी वर्तमानपत्राचं एक पान मोठ्यानं वाचायला सांगा. जोडीला आकडे. रेडिओवर पाच आणि नऊ ऐकताना गल्लत होऊ नये म्हणून आम्ही फाइव्हला 'फाइफ' आणि नाइनला 'नायनर' म्हणतो, थ्रीला 'ट्री'. दोन विमानं वरखाली असताना मध्ये १,००० फुटांचं अंतर राखायचं असतं, तिथे एक आकडा चुकीचा ऐकला जाऊन चालत नाही. शेतावरून जाणारी विमानं ती मोजतेच ना? यापुढे याच आकड्यांत मोजू द्या.