जंताची गोळी दिल्यावर मुलाचे रक्त आपोआप भरून येते का?

प्रश्न :
आम्ही सिंधुदुर्गातील एका वाडीत राहतो. माझ्या सहा वर्षांच्या मुलाचे हिमोग्लोबिन ८.७ आले आहे; तो लवकर दमतो, नखे पांढुरकी दिसतात आणि भिंतीचे पोपडे खरवडून खातो. १० फेब्रुवारीला त्याने शाळेत जंताची गोळी चावून खाल्ली. डॉक्टरांनी लोहाचे औषधही दिले आहे, परंतु त्यामुळे शौचास काळे होते म्हणून सासूबाई ते बंद करायला सांगतात. गूळ-साखर तोडली की जंत जातील आणि रक्त वाढेल, असे त्यांचे म्हणणे आहे. काय करावे?

उत्तर १ :
ताई, औषध कृपया बंद करू नका. लोहाने शौचाचा रंग काळपट होतोच. डांबरासारखे चिकट झाले किंवा पोटात दुखू लागले, तर मात्र लगेच दाखवा.

गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. अंकुशकृमी या रक्त पिणाऱ्या जंताच्या अळ्या ओलसर मातीतून अनवाणी पायांच्या त्वचेत शिरतात, रक्तावाटे फुप्फुसात आणि तिथून घशात येऊन गिळल्या जातात आणि लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून वाढतात व रक्त पितात. एका कृमीमुळे रोज जाणारे रक्त जातीनुसार जेमतेम ०.०३ ते ०.२ मिलिलिटर असते, पण पोटात असे शंभर कृमी महिनोन्‌महिने राहिले, तर लहान मुलाच्या शरीरातील लोहाचा साठाच संपतो. जंताची गोळी, म्हणजे ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल, ही गळती थांबवते. गेलेले लोह ती परत देत नाही. म्हणूनच हिमोग्लोबिन वाढल्यानंतरही साठा भरेपर्यंत, डॉक्टर सांगतील तितके महिने, औषध चालू ठेवावे लागते. शाळेत आठवड्याला मिळणारी ४५ मिलिग्रॅम लोहाची गुलाबी गोळी प्रतिबंधासाठी असते. उपचाराची मात्रा वजनावरून ठरते, त्यामुळे दोन्ही एकत्र द्यावे का, हे डॉक्टरांनाच विचारा.

उत्तर २ :
वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. अंगणवाडीच्या कामात एक गोष्ट वारंवार दिसते : मूल सकाळी औषध घेते आणि लगेच कपभर चहात चपाती बुडवून खाते. चहामुळे लोह नीट शोषले जात नाही. त्याऐवजी लिंबू पिळलेले पाणी किंवा आवळा द्यावा. गोळी घेतल्यावरही जंत पुन्हा होऊ शकतात, त्यामुळे परसात जाताना चप्पल हवीच आणि शाळेत १० ऑगस्टला मिळणारी जंताची पुढची गोळी चुकवू नये. महिनाभर नियमित औषध देऊनही हिमोग्लोबिन हलले नाही, तर थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची तपासणी करून घ्या.