रिव्हर्स घेताना गाडी आपोआप ब्रेक मारते - मदत हवी आहे

सह्यवारा
नवीन गाडीला रिव्हर्स ऑटो ब्रेक आहे. सोसायटीच्या रॅम्पवर मागे काहीही नसताना धाडकन ब्रेक मारते. काल आईच्या मांडीवरचा आमटीचा डबा साडीवर सांडला. उलट गेटजवळचा लोखंडी पाइप मात्र गाडीला दिसला नाही, बंपर घासला. सर्व्हिस सेंटर म्हणतं सिस्टिम ओके आहे. संध्याकाळी परत जायचंय, काय सांगू त्यांना? लवकर सांगा.

कोरा_कागद
कोणती गाडी? रॅम्प चढताना की उतरताना? मागे काही बसवलंय का?

सह्यवारा
कंपनीचं नाव नको, उगीच वाद होतील. बेसमेंटमध्ये वळायला जागाच नाही, त्यामुळे रॅम्प रिव्हर्समध्येच चढावा लागतो. रॅम्प सुरू होतो तिथेच ब्रेक लागतो.

दत्तूमास्तर
आम्ही तीस वर्षं आरसे बघून गाड्या मागे घेतल्या. सेटिंगमध्ये जाऊन सगळं बंद करा, प्रश्न मिटला.

हडसनकाठ
दत्तूमास्तर, असं सांगू नका हो. मी न्यू जर्सीत असतो. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला, तो गाडीमागे चिरडली गेलेली लहान मुलं बघून. इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीच्या अभ्यासात कॅमेरा, सेन्सर आणि ऑटो ब्रेक तिन्ही असलेल्या गाड्यांचे रिव्हर्समधले अपघात ७८ टक्क्यांनी कमी निघाले. बंद करू नका.

दत्तूमास्तर
तुमच्याकडे ड्राइव्हवे असतात. इथे दर दोन फुटांवर स्कूटर. दर वेळी गाडी अडली तर मागचा हॉर्न बडवतो.

लिंबलोण
आपल्याकडेही १ जुलै २०१९ पासून सक्ती आहे ना?

कोरा_कागद
ती सक्ती फक्त पार्किंग सेन्सरची, म्हणजे बीप बीपची. ब्रेकची नाही.

सह्यवारा, बंपरवरच्या त्या गोल टिकल्या आवाज सोडतात आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतात. सपाट जमिनीवरून चढ सुरू होतो तिथे रॅम्पच भिंतीसारखा समोर येतो, म्हणून ब्रेक. बारीक गोल पाइपवरून आवाज बाजूला उडतो, परत फारसा येतच नाही. मऊ कपड्यांतला माणूस आणि बंपरच्या खाली राहणारं बुटकं काहीही, यांचंही तसंच. या वस्तूंच्या बाबतीत सेन्सरच्या भरवशावर राहू नका. आणि मागे काही बसवलंय का, ते अजून सांगितलं नाही तुम्ही.

सह्यवारा
मागे बंपरला गार्ड आहे. दुकानदाराने सेन्सरसाठी जागा सोडलीय.

कोरा_कागद
हेच मघाशी विचारलं होतं! गार्डची नळी टिकलीच्या जवळून गेली की खोटे प्रतिध्वनी येतात. शिवाय परिवहन मंत्रालयाने २०१७ सालीच राज्यांना क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलंय. आधी तो काढा, मग सर्व्हिस सेंटरशी भांडा.

हडसनकाठ
माझ्या गाडीला सायकल रॅक लावला की हेच होतं, मग तेवढ्यापुरता ऑटो ब्रेक बंद करतो. बर्फाचा चिखल टिकलीवर बसला तरी कटकट. ओल्या फडक्याने पुसा.

लिंबलोण
डॅशकॅम घ्या, मागचाही. विम्याच्या वेळी उपयोगी पडतो.

कोरा_कागद
डॅशकॅम कोणी विचारलाय? एक महत्त्वाचं राहिलं. बहुतेक गाड्यांत हा ब्रेक दोनेक सेकंदच धरतो, मग सुटतो. रॅम्पवर तोंड उताराकडे असताना ब्रेकवर पाय नसेल तर गाडी पुढे घरंगळू शकते. आणि तासाला १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. सेन्सरला जेमतेम दीड मीटरवरचं दिसत असेल तर उरतो अर्धा सेकंद. ब्रेकवर पाय ठेवूनच मागे या, आईला पुढे बसवा.

सह्यवारा
गार्ड काढून आलो. सपाट जागी आता नीट चालतंय, पण रॅम्पच्या सुरुवातीला अजून अडतेच. तिरकी घेऊन बघू का?

दत्तूमास्तर
तिरकी घेतलीत तर बंपर भिंतीला लागेल. बटण दाबून रॅम्पपुरतं बंद करा. आणि कोणाला तरी मागे, पण बाजूला, उभं करा.

कोरा_कागद
रॅम्पपुरतं मास्तरांचं बरोबर आहे. वर आल्यावर परत चालू करा. काही गाड्यांत इंजिन बंद केलं की आपोआप चालू होतं, काहींत नाही. मॅन्युअलमध्ये बघून इथे लिहा.