नाशिकच्या हवेचे मॉडेल: केंद्रावरचा आकडा जुळला, एवढे पुरे आहे का?

सातपूरकर:
राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला आणि त्यात नाशिकचाही समावेश आहे. प्रदूषणात कोणाचा वाटा किती, हे ठरवताना संगणकीय मॉडेलचा आधार घेतला जातो; पण मॉडेलचा आकडा निरीक्षण केंद्रावरच्या आकड्याशी जुळला की मॉडेलची परीक्षा झाली, ही समजूत मला अजिबात मान्य नाही. हवेतील प्रदूषकाचे प्रमाण ढोबळमानाने उत्सर्जनाबरोबर वाढते आणि वाऱ्याचा वेग व मिश्रण थराची (जमिनीलगतच्या ज्या थरात धूर मिसळतो त्याची) उंची वाढली की घटते. उत्सर्जन निम्मे धरले आणि थराची उंचीही निम्मीच धरली, तर उत्तर बरोबर येईल आणि दोन्ही गृहीतके चुकीची असतील. मग उघड्यावर जाळलेला जो कचरा उत्सर्जनाच्या सूचीतून (कोण किती धूर सोडतो याच्या यादीतून) सुटला, त्याचा दोष अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांवर नाहीतर वाहनांवर येतो.

खरी परीक्षा युरोपने १९९४ मध्ये घेतली. चेर्नोबिलच्या अनुभवानंतर आखलेल्या या प्रयोगात २३ ऑक्टोबरला फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातून सुमारे ३४० किलो परफ्लुरोकार्बन हा ट्रेसर वायू (हवेचा माग काढण्यासाठी सोडलेला वायू) बारा तासांत सोडला गेला आणि १७ देशांतील १६८ केंद्रांवर तो मोजला गेला. किती वायू सोडला हे नेमके ठाऊक असल्यामुळे जी चूक निघेल ती वाऱ्याची किंवा मिसळण्याची, हे उघड होते.

पंचवटीकर:
मी असहमत आहे. खंडभर पसरलेल्या प्रयोगावरून सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या शहराविषयी फारसे काही सिद्ध होत नाही. शिवाय केंद्र म्हणजे रस्त्याकडेची एक जागा, तर मॉडेल काही किलोमीटरच्या चौकटीची सरासरी देते. त्यामुळे फरक दिसला म्हणून मॉडेलच चुकले, असे म्हणता येत नाही. आपल्याला पीएम २.५ची (हवेतील अतिसूक्ष्म कणांची) वार्षिक सरासरी दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेत आणायची आहे, आणि ताशी चुका वर्षभरात बहुतांशी एकमेकींना छेदतात.

सातपूरकर:
त्या छेदल्या जातात म्हणूनच मला काळजी वाटते. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची धुरांडी उंच आहेत. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो, तेव्हा त्यांचा धूर वरच राहू शकतो आणि ऊन चढून हवा ढवळली गेली की तो सकाळी खाली उतरतो. मॉडेलने तोच धूर मध्यरात्री उतरवला, तर वार्षिक सरासरीत फरक पडणार नाही, पण आपण चुकीच्या तासांचे आणि चुकीच्या वस्त्यांचे नियोजन करू. युरोपातही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रयोग पुन्हा केला, तेव्हा मॉडेलांची कामगिरी पहिल्यापेक्षा बरीच खालावली. म्हणजे एकदा जुळले, यावरून पुढच्या वेळेची हमी मिळत नाही.

नाशिकरोडकर:
वहनाची, म्हणजे वारा धूर कुठे आणि कधी नेतो याची, परीक्षा हवी, हे मला पटते. त्यासाठी ट्रेसर वायूच सोडावा लागतो, हे पटत नाही. कोळशातून निघणारा सल्फर डायऑक्साइड ही आयती खूण आहे. एकलहऱ्याचे संच बंद असतानाच्या आणि चालू असतानाच्या दिवसांची, तोच वारा असताना, ताशी तुलना केली तर सकाळचा धूर दिसायला हवा. कारखान्यांच्या भट्ट्यांतूनही तो वायू निघतो, म्हणून वाऱ्याची दिशा काटेकोरपणे निवडावी लागेल. दिवाळीच्या रात्रीचा धूर दुसरी खूण ठरतो. त्याचे प्रमाण ठाऊक नसते, पण तो कधी सुटला हे माहीत असते, आणि वेळेची परीक्षा त्यावर नक्कीच होते.

पंचवटीकर:
एकलहऱ्याच्या सकाळची कसोटी मला मान्य आहे आणि वार्षिक सरासरीविषयीचे माझे विधान मी तेवढ्यापुरते मागे घेतो. मात्र मिश्रण थराची उंची नाशिकमध्येच, लायडारसारख्या (लेसर किरणांनी हवेचे थर मोजणाऱ्या) यंत्राने, तासागणिक मोजल्याशिवाय या कसोटीतही सातपूरकरांनीच सांगितलेली जुळवाजुळव शिरेल: धूर लवकर उतरला, तर उंची चुकली की वारा, हे कळणार नाही. तेव्हा ट्रेसर वायूसाठी निधी मागण्यापूर्वी तो या यंत्रासाठी मागावा, या मतावर मी ठाम आहे.