मदत हवी आहे: फोटो दाखवून मराठी व्याकरण कसं शिकवू?

नमस्कार मंडळी. मी म्हापशाची. शेजारच्या दोन मल्याळी नर्सना संध्याकाळी मराठी शिकवते. मल्याळममध्ये क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे आपला भूतकाळ त्यांना फार जड जातो.

गेल्या शुक्रवारी बाजारात मासे कापणाऱ्या मावशींना विचारून फोटो काढले. घरी एकेक दाखवत म्हटलं, मावशींनी बांगडा कापला, सुरमई कापली, पापलेट कापलं. एकीने लगेच विचारलं, "कापणारी तीच, मग शेवट का बदलतो?" महिनाभर नियम सांगून हा प्रश्न आला नव्हता! मला इतका आनंद झाला.

पण अडचण अशी की कोणी काय कापलं ते फोटोत दिसतं, सुरमई स्त्रीलिंगी आणि पापलेट नपुंसकलिंगी हे कुठे दिसतं? तिन्ही लिंगांना वेगवेगळ्या रंगाच्या चौकटी दिल्या तर त्या रंगच पाठ करतील अशी भीती वाटते. शिवाय 'मावशी बांगडा कापतात' म्हटलं की क्रियापद पुन्हा मावशींच्या मागे! हे दोन्ही फोटो शेजारी ठेवावेत का?

मोठ्या माणसांना कोणी असं शिकवलं आहे का? आधी चित्र दाखवता की वाक्य? कृपया अनुभव सांगा.