घरगुती मसाले आणि आगळाच्या व्यवसायासाठी कमी खर्चाचा प्रिंटर कोणता घ्यावा?

नमस्कार. चिपळूणजवळच्या एका गावात मी आणि माझ्या सासूबाई मिळून गेली चार वर्षे गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचे पीठ आणि कोकम आगळ करून विकतो. लेबले, बिले आणि कुरियरच्या पत्त्यांची छपाई आजवर कार्ट्रिजच्या एका साध्या प्रिंटरवर होत होती. तो आता दुरुस्तीपलीकडे गेला आहे आणि नवा घेताना मागची चूक पुन्हा होऊ नये, म्हणून जरा सविस्तर विचारते आहे.

मागची चूक अशी, की प्रिंटर स्वस्त मिळतो आहे एवढेच पाहून तो घेतला. काळे कार्ट्रिज दीडशे ते पावणेदोनशे पानांत संपत असे. रंगीत कार्ट्रिजमध्ये तिन्ही रंग एकाच डबीत असल्यामुळे एक रंग संपला, की उरलेल्या दोन रंगांसकट सगळी डबी टाकावी लागे; आमच्या लेबलात हिरवा रंग भरपूर असल्याने आकाशी आणि पिवळा आधी संपत आणि किरमिजी दर वेळी शिल्लक असतानाच कचऱ्यात जाई. वहीतला हिशेब काढला, तेव्हा दोन वर्षांत प्रिंटरच्या किमतीच्या तिपटीहून अधिक रक्कम नुसत्या शाईत गेल्याचे दिसले.

पैशांपेक्षाही जास्त बोचलेली गोष्ट वेगळीच आहे. मागच्या मे महिन्यात एका ग्राहक बाईंनी आगळाच्या बाटलीचा फोटो पाठवला. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम सुटला होता, लेबलावरची उत्पादनाची तारीख आणि बॅच क्रमांक जांभळट ओघळ होऊन खाली उतरले होते आणि शाकाहारी चिन्हाच्या हिरव्या ठिपक्याचा नुसता फिकट डाग उरला होता. आगळ उत्तम होते. पण तारीख वाचता न येणारी बाटली कोणी का ठेवून घ्यावी? ती बाटली आम्ही बदलून दिली.

आमची गरज अशी आहे. एरवी महिन्याला साधारण २०० ए४ कागद लागतात. त्यांपैकी ५० स्टिकरचे असतात (एका कागदावर ८ लेबले बसतात) आणि बाकीचे बिले व पत्त्यांचे. दिवाळीच्या आधीच्या महिन्यात हाच आकडा ६०० च्या घरात जातो. याउलट जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन आठवडे एकही पान निघत नाही, आणि त्या बंद काळातच जुन्या प्रिंटरच्या नळ्या सुकून अक्षरांत पांढऱ्या रेघा येऊ लागत. पावसाळ्यात कागद इतका सर्द होतो, की कडा वळतात. शिवाय वीज कधीही जाते, म्हणून यंत्र घरच्या इन्व्हर्टरवर चालले तर फार बरे.

यंत्रासाठी १५,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. शाईच्या टाकीचा रंगीत प्रिंटर घ्यावा, की काळ्या छपाईचा लेझर, यावर माझे मन अडकले आहे. टाकीच्या प्रिंटरची एक काळी बाटली काही हजार पाने चालते असे दुकानदार सांगतात, पण लेबलासारख्या भरगच्च छपाईला तो आकडा कितपत लागू पडतो? आणि ओल्या बाटलीवर टिकेल अशी छपाई घरच्या घरी खरोखर होते का? ज्यांनी स्वतः वापरून पाहिले आहे, त्यांच्या उत्तराची मी वाट पाहते आहे.

प्रतिसाद १

ताई, माझे छपाईचे लहानसे दुकान आहे, त्यामुळे आधी शाईबद्दल लिहितो. तुमच्या लेबलावरची तारीख ओघळली, याचे कारण प्रिंटरच्या किमतीपेक्षा शाईच्या जातीत आहे. डाय शाई पाण्यात विरघळलेला रंग असते आणि ओल लागली, की पुन्हा सुटते. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात आणि ते कागदाला धरून बसतात. टाकीचे सगळे प्रिंटर या बाबतीत सारखे नाहीत. एप्सनच्या ००३ क्रमांकाच्या चारही बाटल्या डाय शाईच्या आहेत, तर कॅननच्या जीआय-७९० मध्ये काळी शाई पिगमेंट आणि रंगीत शाया डाय आहेत. म्हणजे दुसऱ्या प्रकारात तुमची तारीख टिकेल, हिरवा ठिपका मात्र ओघळेलच. यासाठी बॉक्सवरील मॉडेलच्या नावापेक्षा बाटलीचा क्रमांक आणि शाईची जात विचारून घ्यावी.

पानांच्या आकड्याचे म्हणाल, तर ००३ ची ६५ मिलिलिटरची काळी बाटली ४,५०० पाने देते असे कंपनी सांगते, पण तो आकडा ठरवून दिलेल्या नमुना पानांवर काढलेला असतो आणि त्या पानांवर शाई विरळच असते. पाठीमागे गडद रंग भरलेले लेबल छापले, तर त्याच्या पाव हिश्श्याचीही खात्री मी देणार नाही. शिवाय दर वेळी हेड (शाई फवारणारा भाग) साफ करताना शाई वाया जाऊन आतल्या पॅडमध्ये मुरते. ते पॅड भरले, की यंत्र काम थांबवते. म्हणून आठवड्यातून एकदा चारही रंगांचे एखादे पान काढत जावे; साफसफाईपेक्षा ते पान स्वस्त पडते.

लेझरमध्ये टोनरची भुकटी उष्णतेने वितळवून कागदावर चिकटवलेली असते. ती पाण्याने ओघळत नाही आणि महिनाभर बंद राहिली तरी सुकत नाही, त्यामुळे तुमच्या पावसाळ्याला लेझर योग्य आहे. अडचण एवढीच, की टोनर वितळवणारी आतली भट्टी तापताना एकदम काहीशे वॉट ओढते. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर लेझर लावू नये असेच मी सांगेन, तेथे टाकीचा प्रिंटर निर्धास्त चालतो. स्टिकर लेझरसाठीचाच घ्यावा, नाहीतर डिंक पाघळून आत चिकटतो. आणि चार लेबले सोलून झालेला कागद वाचवण्यासाठी पुन्हा यंत्रात घालू नये. माझ्याकडे दुरुस्तीला येणारे अर्धे लेझर याच काटकसरीने बिघडलेले असतात.

प्रतिसाद २

आम्ही घरी लोणची करतो आणि दोन वर्षे टाकीच्या प्रिंटरवर लेबले काढून शेवटी तो नाद सोडला. लेबलाचा जो भाग बदलत नाही, म्हणजे नाव, घटक पदार्थ, पोषणमूल्ये, पत्ता, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक आणि हिरवे चिन्ह, तो आम्ही प्रेसमधून प्लास्टिकच्या स्टिकरवर एकदम २,००० नग रंगीत छापून घेतो. बॅच, तारखा, वजन आणि एमआरपी यांसाठी कोरी जागा ठेवतो आणि तेवढे बारकोड लेबलच्या लहान यंत्रावर छापून चिकटवतो.

हे यंत्र घेताना शाईच्या रिबनने छापणारेच घ्यावे. नुसत्या थर्मल (उष्णतेने काळा पडणाऱ्या) कागदावरचे अक्षर उन्हाने आणि तेलाने उडते. कुरियरच्या पत्त्याला ते चालते, कारण तो कागद चार दिवसांत फाडून टाकायचा असतो, पण सहा महिने टिकणाऱ्या बरणीवर चालत नाही. दोन हजार लेबले पडून राहण्याची भीती मलाही होती. घटकांत किंवा पत्त्यात बदल होण्याची शक्यता असेल, तर पहिल्या खेपेला ५०० च घ्यावीत. दर थोडा जास्त पडेल, पण रद्दी होणार नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. रंगीत काम घराबाहेर देता येईल, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. मी सगळी कामे एकाच यंत्राच्या गळ्यात बांधत होते. हिरव्या चिन्हासह रंगीत लेबल आता आगळापुरते ५०० नग प्रेसमधून करून घेते. मसाला आणि पिठांच्या पाकिटांना ओल लागत नाही, त्यामुळे त्यांची लेबले, बिले आणि पत्ते यांसाठी काळी पिगमेंट शाई असलेला टाकीचा प्रिंटर घेण्याकडे माझा कल आहे, कारण इन्व्हर्टरची अडचण आमच्याकडे रोजची आहे.

शनिवारी चिपळूणला जाणार आहे. आमचा स्टिकरचा कागद आणि एक रिकामी बाटली सोबत नेऊन, दुकानातच तारीख छापून ती बाटली बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहीन. एकच शंका राहिली आहे: काळी पिगमेंट शाई गुळगुळीत, चकचकीत स्टिकरवर धरते का, की त्यासाठी मॅट कागदच घ्यावा लागेल?

प्रतिसाद १

मॅटच घ्यावा. चकचकीत क्रोमो स्टिकर शाई पिऊन घेत नाही, त्यामुळे छपाई वरवर सुकल्यासारखी दिसते आणि बोट फिरवले, की पुसली जाते. बाटली बुडवण्याआधी पंधरा मिनिटे तरी थांबा, आणि पाण्यातून काढल्यावर अक्षरांवर ओले बोट घासून पाहायला विसरू नका.