फेब्रुवारीत अंदमान की लक्षद्वीप? शांत बेट, डायव्हिंग आणि तिथली माणसं

निळी_शाई
नमस्कार. आम्ही तिघं पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो: मी, नवरा आणि 13 वर्षांची लेक. फेब्रुवारीत नऊ दिवसांची सुट्टी जुळते आहे आणि समुद्राकाठी जाऊन खरोखर विसावा घ्यायचा आहे. टूर कंपनीचा कार्यक्रम पाहिला, तर त्यात रोज सकाळी साडेसातला गाडी आणि दिवसाला चार पॉइंट. तसं नको. एखाद्या गावात राहावं, तिथल्या माणसांशी ओळख व्हावी, मासेभात खावा, वाळूत पडून वाचावं. लेकीला डायव्हिंग शिकायचं आहे. टिळक तलावात ती रोज पोहते. मलाही पोहता येतं, नवऱ्याला अजिबात नाही. कुठे जावं? अंदमान की लक्षद्वीप? अनुभवी लोकांनी सविस्तर सांगा.

वारजेकर
अंदमान. चेन्नई किंवा कोलकात्याहून विमान बदलून जाता येतं, कुठे राहायचं ते आपलं आपण ठरवता येतं, आणि हिंदी सगळीकडे चालते.

खाडीकाठ
लक्षद्वीपबद्दल लिहितो, कारण माझं मन तिथे आहे. कोचीहून तिथल्या अगत्ती बेटाला विमान किंवा बोट. प्रवेशासाठी परवाना लागतो, त्यामुळे बहुतेक लोक प्रशासनाच्या सहलीतून किंवा ठरलेल्या रिसॉर्टमार्फत जातात. प्रवाळाच्या कड्याने अडवलेलं उथळ, शांत पाणी मी दुसरीकडे इतकं सुंदर पाहिलेलं नाही. कदमत बेटावर डायव्हिंगही उत्तम आहे. वस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे आणि किनाऱ्यावर अंगभर कपडे घालावे लागतात, ते मला योग्यच वाटतं. पण मनाला येईल त्या गावात खोली घेऊन राहायचं, तर परवान्यामुळे ते अवघड जातं. तुमची मुख्य मागणी तीच दिसते, म्हणून या वेळी अंदमान करा.

मुळामुठा
ताई, तुम्ही मागताय ते अंदमानातल्या नील बेटावर मिळेल. 2018 च्या डिसेंबरपासून त्याचं अधिकृत नाव शहीद द्वीप, शेजारच्या हॅवलॉक बेटाचं स्वराज द्वीप. बोलताना अजून सगळे जुनीच नावं घेतात, बोटीच्या तिकिटावर मात्र नवी दिसतील.

लोक हॅवलॉकला तीन रात्री राहतात आणि नीलला धावती भेट देतात. तुम्ही उलट करा. नीलला पाच रात्री, हॅवलॉकला दोन आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला (2024 पासून श्री विजय पुरम). नील एवढंसं बेट आहे, सायकलवर सगळं फिरून होतं. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना सरकारने इथे जमिनी दिल्या आणि त्यांनी जंगल साफ करून शेती उभी केली. आज आसपासच्या बेटांवर भाजी नीलहून जाते. म्हणून हे आधी शेतकऱ्यांचं गाव आहे आणि मग पर्यटकांचं. सकाळी वांगी-भोपळ्याच्या मळ्यांमधून सायकल हाणत समुद्रावर जाताना ते कळतं.

सूर्योदयाला सीतापूर, सूर्यास्ताला लक्ष्मणपूर, पोहायला भरतपूर. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा: इथे भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहूनच दिवस आखायचा. ओहोटीला भरतपूरला पाणी पार आत जातं आणि खडक-प्रवाळ उघडे पडतात, तेव्हा पोहायला काही अर्थ नाही. त्या वेळी लक्ष्मणपूरच्या नैसर्गिक दगडी कमानीकडे जा. मधल्या डबक्यांत समुद्रकाकडी, खेकडे, छोटे मासे दिसतात. पायात पकड असलेले बूट हवेत. प्रवाळावर पाय देऊ नका, ते जिवंत असतं. आणि एकही तुकडा पिशवीत येऊ देऊ नका. वन्यजीव कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

सूर्य पुण्यापेक्षा तासभर आधी, साडेपाचच्या सुमारास मावळतो. त्यामुळे लवकर उठणाऱ्यांचं बेट आहे हे. वाळूतल्या बारीक माशा चावतात, खोबरेल तेल चोपडून बसा. खारफुटी आणि खाडीच्या जवळ मगरींच्या पाट्या असतात, तिथे पाण्यात पाऊल घालायचं नाही, कोणी काहीही सांगो.

बाराटांग बेटाची सहल घेऊ नका असं मी कळकळीने सांगेन. मध्यरात्र उलटताच उठून गाड्यांच्या ताफ्यात बसायचं, तेही जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून. ज्यांना आपण नको आहोत, त्यांच्या अंगणातून रोज शेकडो माणसांनी जाणं मला पटत नाही.

निळी_शाई
मुळामुठा, इतकं मनापासून लिहिलंत, खूप आभार. नील ठरल्यातच जमा. आता डायव्हिंगचं सांगा कोणीतरी. 13 वर्षांच्या मुलीला शिकवतात का? आणि पोहता न येणाऱ्या नवऱ्याचं काय?

दहा_मीटर_खाली
हे माझं आवडतं काम, सविस्तर लिहिते.

दोन वेगळे प्रकार आहेत. पहिला, एकदा पाण्याखाली जाऊन बघण्याचा. प्रशिक्षक हात धरून नेतो, खोली जास्तीत जास्त 12 मीटर, वयाची अट 10 पूर्ण. पोहता येत नसलेल्यांनाही नेतात, पण मनात पाण्याची भीती असेल तर जबरदस्ती करू नये. तुमच्या यजमानांना आधी भरतपूरला छातीभर पाण्यात मुखवटा लावून तोंडाने श्वास घ्यायची सवय होऊ दे, मग त्यांनाच ठरवू दे.

दुसरा म्हणजे ओपन वॉटर कोर्स, म्हणजे डायव्हिंगचं पहिलं प्रमाणपत्र देणारा. तीन-चार दिवस लागतात. त्यासाठी 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं तरंगत राहणं आलं पाहिजे. लेकीला 15 पूर्ण नसल्याने ज्युनियर प्रमाणपत्र मिळेल. त्यावर ती 18 मीटरपर्यंत जाऊ शकते, मात्र सोबत प्रमाणपत्रधारक मोठं माणूस हवं. म्हणून माझा आग्रह आहे की तुम्हीही तिच्याबरोबर कोर्स करा. आई आणि मुलगी एकमेकींच्या डायव्हिंग जोडीदार, यासारखं दुसरं काही नाही. पुढची कित्येक वर्षं तुम्ही दोघी बरोबर डाइव्ह करू शकाल.

थिअरी आणि तलावातला भाग पुण्यातच उरकता येतो, अशी केंद्रं इथे आहेत. मग तेवढा भाग झाल्याचं त्यांचं रेफरल पत्र घेऊन समुद्रातल्या चार डाइव्ह हॅवलॉकला करायच्या. पत्र 12 महिने चालतं. यात सुट्टीतले दोन दिवस वाचतात आणि मुखवट्यात पाणी शिरलं की घाबरगुंडी उडायची ती टिळक तलावासारख्या ओळखीच्या पाण्यात उडून जाते. या डाइव्हसाठी मुळामुठांच्या आखणीत एक रात्र नीलची कमी करून हॅवलॉकला द्या.

कानाचं मुलीला आत्तापासून शिकवा. 10 मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, आणि ती कान दुखायला लागण्याआधी, उतरायला सुरुवात करतानाच. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह रद्द. वैद्यकीय फॉर्म खरा भरा, विशेषतः दमा आणि कानाची दुखणी.

शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास विमान नको. शिवाय हवा बिघडली की बोटी रद्द होतात. पोर्ट ब्लेअरची शेवटची रात्र या दोन्हींसाठी हवीच.

वारजेकर
त्या रात्रीच्या आधी सेल्युलर जेल बघा. 1906 मध्ये बांधून पूर्ण झालेला तुरुंग, सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर. मुलगी आठवीत असेल तर आत शिरण्याआधी तिला थोडं वाचायला द्या.

परसातली_जास्वंद
माणसांशी ओळखीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. नीलला रिसॉर्टऐवजी घराशेजारी दोन-चार खोल्या बांधलेल्या कुटुंबाकडे उतरा. जेवण त्यांच्याकडेच सांगा, सकाळीच, कारण मासा त्या दिवशीच्या बाजारावर ठरतो. मोहरीच्या तेलातलं कालवण पहिल्यांदा उग्र लागेल, दुसऱ्या दिवशी तुम्हीच मागाल. रोज त्याच टपरीवर चहा घ्या. दादा, दीदी म्हणा. त्यांचे आजोबा कुठल्या गावाहून आले, हे विचारलंत तर लोक फार आपुलकीने सांगतात, कारण पर्यटक हे विचारत नाहीत. त्यांच्या घरी जाताना चितळ्यांची बाकरवडी घेऊन जा, टिकते आणि सगळ्यांना आवडते. वसंत पंचमी तुमच्या तारखांत येत असेल तर सरस्वती पूजेला जरूर जा. मुली पिवळ्या साड्या नेसतात, खिचडीचा प्रसाद असतो, आणि तुमच्या लेकीला तिथे मैत्रिणी मिळतीलच.

फोटो मात्र विचारून काढा. माझ्या बहिणीने एका आजींचा फोटो छापून नंतर टपालाने पाठवला. त्या घराशी अजून तिचं फोनवर बोलणं होतं.

निळी_शाई
पंचांग काढून बसले आहे. नील चार रात्री, हॅवलॉक तीन, शेवटची पोर्ट ब्लेअर. विमानं आधी घेऊ की बोटी?

मुळामुठा
विमानं आधी. पोर्ट ब्लेअरला सकाळी उतरेल असं घ्या, म्हणजे दुपारच्या बोटीने त्याच दिवशी नील गाठता येईल. मग लगेच बोटी, खाजगी बोटींची तिकिटं ऑनलाइन मिळतात आणि फेब्रुवारीत भरतात. बोट लागत असेल तर गोळी अर्धा तास आधी घ्या. आणि थोडी रोकड पुण्याहूनच न्या.