जुन्या कौलारू हायस्कूलला नव्या खोल्या जोडायच्या आहेत, सल्ला हवा

चाकरमानी_७८:
मंडळी, आमचं हायस्कूल दापोली तालुक्यात. इमारत १९५८ची. जांभ्याच्या दीड फुटी भिंती चुन्यात बांधलेल्या, वर सागाच्या तुळया आणि मंगलोरी कौलं. एका ओळीत सहा वर्ग आणि समोर लांब पडवी. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात अर्ध्या छपराची कौलं उडाली, तिथे घाईत पत्रे घातले ते अजून तसेच आहेत. आता चार वर्ग, एक प्रयोगशाळा आणि मुलींसाठी धड स्वच्छतागृह बांधायचं ठरलंय. मुंबईच्या माजी विद्यार्थी मंडळाकडे बऱ्यापैकी पैसे जमलेत. गणपतीत सगळे गावी भेटतील तेव्हा आराखडा पक्का करायचा आहे.

अध्यक्षांचं म्हणणं, जुन्याच भिंतींवर स्लॅब टाकून मजला चढवा, मैदान वाचेल. ठेकेदार म्हणतो "होऊन जाईल". मला मात्र धाकधूक वाटतेय. दुसरा पर्याय म्हणजे पूर्वेच्या टोकाला चिकटून नवीन दुमजली इमारत. काय करावं?

बीम_कॉलम:
"होऊन जाईल" म्हणणाऱ्याने भिंतीखालचा पाया पाहिलाय का, ते आधी विचारा.

हिशेब सोपा आहे. पाच इंची स्लॅब नुसता चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जातो. वर्गात मुलं-बाकं येणार त्यासाठी मानकाप्रमाणे आणखी ३०० किलो धरायचे. तुमचं कौलारू छप्पर लाकडासकट नुसत्या स्लॅबच्या तिसऱ्या हिश्शाचंही नसेल. शिवाय त्या काळच्या भिंतींत काँक्रीटचे आडवे पट्टे नसतात. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७, तुमच्या इमारतीने कौलांच्या हलक्या टोपीखाली सोसला. डोक्यावर स्लॅब घेऊन सोसेल याची हमी मी तरी देणार नाही. मजला विसरा, बाजूला बांधा.

पण "चिकटून" हा शब्दही खोडा. जुनी इमारत जमिनीत बसायची तेवढी केव्हाच बसलीय, नवी पुढची काही वर्षं बसत राहणार. दोन्ही एकमेकींना बांधल्या की सांध्यात तडा ठरलेला. भूकंपात तर दोघी वेगवेगळ्या तालावर हलतात आणि एकमेकींना धडका देतात. आय.एस. ४३२६ मध्ये (भूकंपरोधक बांधकामाचं भारतीय मानक) आरसीसी फ्रेमसाठी, म्हणजे सळईच्या काँक्रीटच्या कॉलम-बीमच्या सांगाड्यासाठी, मजल्यामागे २० मिलिमीटर फट सांगितली आहे. ती कमीत कमी. नेमका आकडा तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या आणि नकाशावर लिहून घ्या, नाहीतर गवंडी प्रेमाने ती फट सिमेंटने भरून टाकतो. (पाहिलंय. वर रंगही दिला होता.)

पडवीवाला:
बीमसाहेबांशी सहमत, पण कोकणात भूकंपाआधी पाऊस येतो.

आमच्या गावच्या शाळेत जुन्या छपराला समांतर नवं छप्पर टाकलं आणि मधे पत्र्याची पन्हळ. वरती फणसाचं झाड. पहिल्याच आषाढात पानांनी पन्हळ तुंबली, पाणी उलटं फिरून भिंतीत गेलं. जांभा पाणी पितो हो. पुढच्या वर्षी आठवीच्या वर्गातली भिंत कमरेपर्यंत हिरवी. दर पावसाळ्यात शिपाई पन्हळीत उतरून पानं काढतो, एकदा घसरून पाय मोडून घेतला.

म्हणून दोन उतार एकमेकांच्या तोंडाशी आणूच नका. तुमच्याकडे सहा वर्ग एका ओळीत आहेत, म्हणजे पाणी पुढे आणि मागे पडतं. पूर्वेच्या टोकाला त्रिकोणी भिंत असणार, तिथे पागोळ्या नाहीत. जोडायचं तर तिथूनच. मधे आठ-दहा फुटांची मोकळी पडवी ठेवा. तिचं आढं जुन्या आढ्याच्याच दिशेने, पण खाली. तिचंही पाणी पुढे-मागे जाईल, पन्हळीची भानगडच नाही.

आणि जुन्या भिंतीला "जाता जाता" सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आतच कोंडते.

मास्तरीणबाई:
मी २६ वर्षं शिकवतेय, त्यातली नऊ पत्र्याखाली. जून-जुलैत पत्र्यावर असा ताशा वाजतो की कविता शिकवायचीच सोडली. सगळं फळ्यावर लिहायचं, मुलांनी उतरवून घ्यायचं. शेवटच्या बाकावरची मुलं माझ्या ओठांकडे बघत बसायची. तेव्हा वर्गावर थेट पत्रा नको. तुमचे जुने पत्रेही याच खर्चात काढून पुन्हा कौलं घाला. नवीन खोल्यांपेक्षा ते आधी, असं मला वाटतं.

मुलांच्या डाव्या हाताला खिडक्या ठेवा, म्हणजे लिहिताना हाताची सावली वहीवर पडत नाही. फळ्यासमोरच्या भिंतीत खिडकी नको, फळा चमकतो. आणि स्वच्छतागृह कोपऱ्यात लपवू नका. मैदानापलीकडे असेल तर पावसात मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत.

बीम_कॉलम:
बाईंचा मुद्दा धरून, प्रयोगशाळा नव्या आरसीसीतच घ्या, लाकडी छपराखाली नको. गॅसचं सिलिंडर बाहेर, पिंजऱ्यात. दारं बाहेर उघडणारी. दुमजली करताय तर जिने दोन, आणि दोन टोकांना. १६ जुलै २००४ला कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुलं गेली. शाकारलेलं छप्पर पेटलं होतं आणि अरुंद जिना कमी पडला. ठेकेदार दुसऱ्या जिन्यावरच कात्री लावायला बघेल.

कट्टेकर:
रॅम्पचं कुणी बोललं नाही. उतार १ ला १२. जोतं दोन फूट असेल तर २४ फूट लांबी लागते, ती शेवटी आठवली की मग घसरगुंडी होते. त्या मधल्या पडवीतच जागा धरा. नव्याचं जोतं जुन्याच्या पातळीला घेतलंत तर एका रॅम्पमध्ये दोन्ही इमारती. आणि खाडी जवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध, तपासल्याशिवाय एक चिराही आणू नका.

चाकरमानी_७८:
सगळ्यांचे आभार. पडवीवाले, अगदी बरोबर, पूर्वेला त्रिकोणी भिंतच आहे. रुळाच्या तुकड्याची घंटा तिथेच टांगलेली आहे. अध्यक्षांना ३०० किलोंचा हिशेब फोनवर सांगितला, थोडा वेळ गप्प झाले. मजल्याचा विषय बहुतेक मिटला.

काल भावाने त्या भिंतीलगत एक खड्डा घेऊन बघितला. जुना पाया जेमतेम तीन फूट, खाली कातळ. हे चांगलं की वाईट?

बीम_कॉलम:
कातळ लागला हे उत्तम, दोन्ही इमारती फारशा बसणार नाहीत. तरी फट ठेवायचीच. नव्या इमारतीचा शेवटचा कॉलम जुन्या भिंतीपासून चार-पाच फूट लांब घ्या आणि पुढचा स्लॅब अधांतरी काढा, म्हणजे जुन्या पायाशेजारी खणावंच लागणार नाही. मधल्या पडवीचे खांबही नव्याच्या बाजूने, जुन्या भिंतीत तुळई खुपसायची नाही. खोदाई दिवाळीनंतर. सुरुंग अजिबात नाही, आणि त्या भिंतीच्या दहा-पंधरा फुटांत ब्रेकरही नको. पहार आणि छिन्नी. ठेकेदार कुरकुरेल, मजुरीचे जास्त दिवस आत्ताच करारात लिहा.

आणि तो खड्डा आजच बुजवून घ्या. पाऊस आहे.